रामकिसन अधिक एक

२२ एप्रिल २०१९, सोमवार

बोटावरची मतदानाची शाई अजून गेली नाही, टँकरला येऊन नऊ दिवस झाले, आणि त्यात आज हे पत्र!

अवसायक साहेबांचं. बंद पडलेल्या सहकारी संस्थेची आवराआवर करायला सरकार माणूस नेमतं, तो हा. आपला साखर कारखाना बंद पडून सहा वर्षं झाली, आता कुठे त्यांना जाग आली. ऑफिसातला जुना कॉम्प्युटर पंधरा मेला भंगारात जाणार. त्याआधी त्यातलं सगळं एकत्र बांधायचं, दाबायचं, एकच फाइल करायची आणि एका पेनड्राइव्हवर घालून द्यायची. ‘आपण अनुभवी आहात’ असंही लिहिलंय. अनुभवी! अठ्ठावीस वर्षांत तेरा वजनकाट्यावर गेली आणि पंधरा त्या मशीनपुढे. तिला माउस नाही, चित्रं नाहीत. काळ्या पडद्यावर शब्द टाइप करायचा, एंटर मारायचा. माझ्याशिवाय तिच्याशी बोलणारं आता पाटोदा तालुक्यात कोणी नसेल.

सुभद्राला पुण्याला फोन केला. ती आमच्या मुलाकडे गेलीय, ‘पाणी आलं की येते’ म्हणून. म्हणजे आषाढापर्यंत तरी नाही. पत्राचं सांगितलं तर म्हणाली, “मग करा की. तेवढंच तर येतं तुम्हाला.”

तिला काय माहीत. त्या मशीनमध्ये एक फाइल आहे. ती मी पंधरा वर्षं उघडलेली नाही.

जेवण गेलं नाही आज.

२३ एप्रिल, मंगळवार

गेलो. कॉलनीपासून ऑफिस चालत दहा मिनिटं, पण उन्हात तेवढ्यानंही डोळ्यापुढे काजवे चमकले. म्हाळू फाटकावर खुर्ची टाकून बसलेला. कारखाना बंद, पगार बंद, पण ह्याची वॉचमनची शिट्टी गळ्यात आहेच. म्हणाला, “आसारामभाऊ, कुलूप मीच काढतो. आत एकटे जाऊ नका दुपारचं.”

“का बे?”

“तसं न्हाई. पर नका जाऊ.”

आत मळीचा वास अजून आहे. ऊस शेवटचा कधी गाळला ते आठवावं लागतं, पण वास गेला नाही. मशीनवरची धूळ पुसली, बटण दाबलं. वाटलं होतं मेली असेल. कुरकुरली, घरघरली आणि लागली!

तिच्या मागची भिंत बघायची नाही असं ठरवलं होतं. बघितलीच. चार फूट बाय चार फूट निळा चौकोन, मीच रंगवून घेतलेला. आणि त्याच्या मधोमध तेलाचा काळपट डाग. सहकारात रंगसफेदीला मंजुरी मिळत नाही, त्यामुळे डाग जसाच्या तसा. तीनशे अठ्ठ्याऐंशी बाया तिथं डोकं टेकवून उभ्या राहिल्या होत्या.

अर्ध्या तासात परत आलो.

२५ एप्रिल, गुरुवार

एकदा लिहूनच टाकतो. वहीशिवाय कोण वाचणार आहे?

डिसेंबर २००३. तेव्हाही दुष्काळच. ऊस कंबरेएवढा, तोही वाळलेला. बाहेरच्या टोळ्या आल्या नाहीत, आपल्याच जिल्ह्यातले तोडकरी आले. तेव्हाच्या साहेबांच्या डोक्यात आलं, सगळ्यांची ओळखपत्रं करायची. कॅमेरा नवा, मीही त्या कामाला नवा आणि हौसेला तोटा नव्हता. दोन दिवस बायांचे फोटो काढले, पुढचे दोन दिवस गड्यांचे. निळ्या चौकोनापुढे उभं करायचं, बटण दाबायचं, ‘पुढची’ म्हणायचं. गडी फोटो झाला की गुमान निघून जायचे. बाया मात्र हटकून विचारायच्या, “सायेब, माजा झाला का?”

आता नंबरांची गोष्ट. आपल्याकडे नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. दोघं फडात उतरली तर कोयता पूर्ण, एकटा गडी असला तर अर्धा. मी शेतकी अधिकाऱ्यांना विचारलं होतं, बाईला वेगळा नंबर देऊ का? ते म्हणाले, “कोयता एक, तर नंबर एक. दोन कशाला?” हजेरीपटही तसाच. ‘२१७ — रामकिसन + १.’ ‘२१८ — सटवा + १.’ त्या अधिक एकला नाव नसायचं.

म्हणून बाईच्या फोटोची फाइल २१७ आणि तिच्या नवऱ्याच्या फोटोची फाइलही २१७. मी दोन फोल्डर केले, एक बायांचा, एक गड्यांचा. त्यामुळे गोंधळ नव्हता. पण डिस्क भरत आली, तेव्हा सगळे फोटो एकत्र बांधायचे ठरवले. त्याला ‘टार’ नावाचा हुकूम आहे. तो मोळी बांधतो. मग ‘जीझिप’ त्या मोळीला दाबतो. मी आधी बायांच्या फोल्डरमध्ये शिरलो आणि मोळी बांधली. मग गड्यांच्या फोल्डरमध्ये शिरलो आणि त्याच मोळीत भर घातली. दोन्ही फोल्डरांच्या बाहेर राहून बांधलं असतं तर प्रत्येक फोटोला आपल्या फोल्डरचं नाव चिकटलं असतं. मी आत शिरून बांधलं, त्यामुळे आत गेले ते नुसते नंबर.

बांधलं, दाबलं, मूळचे फोल्डर पुसून टाकले. महिन्यानं मोळी सोडली तर बाहेर तीनशे अठ्ठ्याऐंशी गडी! बाई एकही नाही. एका २१७वर दुसरा २१७ येऊन बसला. माझ्या एका हुकमानं सगळ्या बाया गेल्या.

कोणाला बोललो नाही. कोणी विचारलंही नाही, कार्डं छापलीच नाहीत तर विचारतंय कोण! फक्त एकदा, २००४च्या उन्हाळ्यात, एक तोडकरी आला होता. टोपी हातात धरून दारात उभा. म्हणाला, बायको गेली, तिचा फोटो मिळेल का. मी मान वर न करता म्हणालो, “ते फोटो खराब झाले.”

तो “बरं” म्हणाला आणि गेला. त्याचा चेहरा मला आठवत नाही. ते ‘बरं’ तेवढं ऐकू येतं.

२६ एप्रिल, शुक्रवार

गेलो नाही. ऊन.

२७ एप्रिल, शनिवार

मी बसलो होतो मशीनपुढे. मागे बांगड्या वाजल्या. अंगावर सर्रकन काटा आला! मागे वळवेना. मग आवाज, “काका, फोटूवाले सायेब तुमीच का?”

सतरा-अठरा वर्षांची पोरगी. खरीखुरी, घामानं निथळलेली, हातात पाण्याची बाटली. म्हाळूनं आत सोडलेली. नाव गीता, चौसाळ्याहून दोन गाड्या बदलून आलेली. तिनं ओढणीच्या गाठीतून एक पत्र्याचा बिल्ला काढला आणि टेबलावर ठेवला. २१७.

“माज्या अप्पांचा हाय. रामकिसन. ह्या बिल्ल्याच्या साली आई फडात तापानं गेली. मी दीड वरसाची. अप्पा म्हनतेत, कारखान्यात फोटू काढलेला तिचा. तेवढाच असंल कुठं असला तर. अप्पा मागायला आल्ते, सायेब म्हनला खराब झाला.”

तो तोडकरी! मी मशीनकडे तोंड फिरवलं.

ती बोलतच राहिली. आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरोघर मातीची केळी पाण्यानं भरून पितरांपुढे ठेवतात, आजोबा असोत नाहीतर आई, ज्याचं पाणी त्याच्या फोटोपुढे. “मी दरसाल भिंतीपुढं भरते काका. नुसत्या भिंतीपुढं. यंदा तर पानी बी इकत घेऊन भरायचं, मग निदान तोंड तरी दिसू द्या तिचं.” कॉलेजात कोणीतरी तिला सांगितलंय की कॉम्प्युटरमधून गेलेलं परत निघतं.

मी काय म्हणालो? म्हणालो, “नाही पोरी. ते खराबच झालेत.”

तीही “बरं” म्हणाली. अगदी बापासारखं! पण बिल्ला उचलला नाही. “ठिवा तुमच्याकडं. बघा कवा जमलं तर.” बिल्ल्याखाली चिठ्ठीवर फोन नंबर लिहिलेला.

२८ एप्रिल, रविवार

म्हाळूनं विचारलं, “पोरीला कावून रिकामी धाडली?” मी त्याच्यावर खेकसलो. उगीच.

३० एप्रिल, मंगळवार

पेनड्राइव्ह ओळखायलाच मशीननं पाऊण तास घेतला. काम तर करायला हवं, म्हणून फाइलींची यादी केली. कोणती केवढी, सगळं वहीत उतरवून घेतलं.

आणि काट्यावरचा माणूस माझ्यात जागा झाला!

तेरा वर्षं मी गाड्या तोलल्या. भरली गाडी तोलायची, रिकामी तोलायची, फरक म्हणजे ऊस. तिथं माझ्या नजरेला कोणी धूळ टाकू शकलं नाही. गाडी चढतानाच मला कळायचं की खाली दगड भरलेत. तर ही फोटोंची मोळी भरते सत्तेचाळीस एमबी. आणि ती सोडल्यावर जे गडी बाहेर येतात ते सगळे मिळून तेवीस. दाबलेली मोळी सोडलेल्या मालाहून जड कशी? फोटो तर आधीच दाबलेले असतात, वरून कितीही दाबा, फारसे हलके होत नाहीत. मग उरलेला माल कुठाय?

चोवीस एमबी. गाडीत आणखी कोणीतरी बसलंय.

मला भीती वाटली. खरंच वाटली. भर दुपारी, म्हाळू बाहेर खोकत असताना. मागच्या भिंतीवर कोणीतरी डोकं टेकवून उभं आहे असं वाटलं. मशीन चालूच ठेवून निघून आलो.

१ मे, बुधवार

झेंड्याला कोणी नव्हतं. मी आणि म्हाळूनंच वंदन केलं आणि मी आत गेलो.

मोळी न सोडता आत काय आहे ते बघता येतं. साधा हुकूम आहे, मला पहिल्या दिवसापासून येतो. पण इतक्या वर्षांत कधी दिला नव्हता. बघितलं होतं ना एकदा सोडून, आणखी काय बघायचं! आज दिला. पडद्यावर नंबर धावायला लागले. १, २, ३... ३८८पर्यंत. आणि मग परत १, २, ३...

दोनदा! प्रत्येक नंबर दोनदा. पहिल्या खेपेला बायांच्या दिवसांची तारीख, दुसऱ्या खेपेला गड्यांच्या. बाया गेल्याच नव्हत्या. मोळीत एकाच नावाचे दोन फोटो सुखानं नांदत होते. सोडताना आधी बाई बाहेर यायची, मग तिच्याच नंबरचा गडी येऊन तिच्या जागेवर बसायचा. मला दिसायचा तो शेवटचा. पंधरा वर्षं त्या आतच होत्या आणि मी त्यांना मारून मोकळा झालो होतो.

काखेत कळसा आणि गावाला वळसा!

मग एका नव्या रिकाम्या फोल्डरमध्ये शिरून मशीनला उलटं सांगितलं, जो आधी बाहेर आला त्याच्यावर कोणाला बसू देऊ नकोस. त्यासाठी हुकमात एक अक्षर वाढवायचं. ‘के’. एवढंच. एक अक्षर! एंटर मारला. पडदा तक्रारींनी भरून गेला. या नावाची फाइल आधीच आहे, या नावाची फाइल आधीच आहे — गडी येत होते आणि दारातून परत जात होते.

पेनड्राइव्ह खिशात घालून घरी पळत आलो. ह्या वयात, ह्या उन्हात, पळत! मुलाच्या जुन्या लॅपटॉपवर २१७ उघडला.

तिशीच्या आतली बाई. हिरवं धुवट लुगडं, डोक्यावर पदर, डाव्या भुवईवर जुनी खोक. ओठ घट्ट मिटलेले. नजर सरळ माझ्यावर.

“झाला,” मी मोठ्यानं म्हणालो. “तुझा झाला, बाई.” आणि रडलो.

४ मे, शनिवार

पाटोद्याच्या स्टुडिओतून मोठा फोटो काढून आणला, काचेत बसवून. गीता आली. तिला दिला. ती फरशीवरच बसली. फोटो मांडीवर. बराच वेळ बोटानं भुवईवरची खोक चाचपत होती. मग म्हणाली, “हसत न्हाई.”

मी म्हणालो, फोटो काढताना हसायची पद्धत नव्हती तेव्हा.

“अप्पांना दाखविते. ते कडा गावाच्या बाजूला चारा छावणीत हायेत जनावरं घिऊन, धा-बारा तारखेपर्यंत याचे न्हाईत. आमी मूळचे चौसाळ्याचे न्हाई, तितं आईला बघितलेलं अप्पांबिगर कुनीच न्हाई.” जाताना वाकून पाया पडली. मी पाय मागे घेतले. तिच्या बापाला ‘खराब झाले’ म्हणणारा साहेब मीच, आणि दोन्ही वेळा न बघताच म्हणालो, हे तिला मी अजून बोललेलो नाही. ती समजतेय मी शोधून काढला!

थोर माणूस झालो मी फुकटचा.

७ मे, मंगळवार. आखिती

सकाळीच फोन. “काका, भरली केळी! आईपुढं. पाट मांडला, आमरस केला. पानी इकतचं हाय, पर गार हाय.” एवढं बोलून ठेवलाही.

पंधरा वर्षांत पहिल्यांदा दुपारी झोप लागली.

९ मे, गुरुवार

आज लॅपटॉप घेऊन बसलो. म्हटलं, एकीला बघितलं, बाकीच्यांनी काय घोडं मारलंय? सगळ्यांकडे एकेकदा बघायचं. इतकी वर्षं आत कोंडल्या होत्या, तेवढं तर देणं लागतो.

कोणी घाबरलेली, कोणी डोळे मिटलेली, एकीच्या पदराआडून लेकराचा नुसता पाय. बघता बघता २१२वर आलो आणि थांबलो.

हिरवं धुवट लुगडं. डाव्या भुवईवर खोक.

वाटलं, मशीननं घोळ केला, एकच फोटो दोन नंबरांवर चढला. पण नाही, इथं पदर वेगळा घेतलाय. आणि इथं ती हसतेय.

पुढे गेलो. २१७ला तीच, मिटल्या ओठांची. २२४ — तीच. २३१ — तीच, कडेवर लेकरू. २४०. २४९. २५६. प्रत्येक वेळी ती जास्त हसते. २५६ला तर तोंडावर पदर दाबलाय आणि डोळ्यांतून हसू सांडतंय. माझ्याकडे बघून!

सात. सात नंबरांवर एकच बाई.

लॅपटॉप मिटला. मिटला तरी ती हसतच होती.

१० मे, शुक्रवार

म्हाळूला विचारलं. त्याच्यापुढे नंबर ठेवले. तो म्हणाला, “ही तर बंकट मुकादमाची टोळी.” आणि मग असा हसला की त्याला ठसका लागला. “भाऊ, तुमाला ठावं न्हवतं? अवं, समद्या कारखान्याला ठावं होतं!”

झालं होतं असं. त्या साली बंकटच्या टोळीत तापाची साथ. कोणी बाई अंथरुणाला खिळलेली, कोणी बाळंतीण. फोटोला बाई हजर नसली तर हजेरीत कोयता अर्धा धरणार, आणि बंकटनं तर पूर्ण कोयते लिहून दिलेले. मग त्यानं एका धडधाकट बाईला पुढे केलं. जी आली नाही तिच्या जागी हीच उभी. पदर इकडचा तिकडे करायचा आणि पुन्हा रांगेत.

“कोण बाई ती?”

“नाव कुनाला ठावं? बाई हुती एक. लई हसायची.”

सात वेळा ती माझ्यापुढे उभी राहिली. हातभर अंतरावर. सात वेळा मी कॅमेऱ्यातून तिच्याकडे बघितलं, आणि सात वेळा ‘पुढची’ म्हणालो. दगड भरलेली गाडी ओळखणारा मी!

११ मे, शनिवार

डोकं फुटायची वेळ आली आहे. सातांतला तिचा स्वतःचा असला तर एक असेल. बाकीचे सहा दुसऱ्यांच्या जागी. तो एक २१७च कशावरून? उलट इतर सगळीकडे हसते आणि तिथंच तोंड मिटून उभी आहे. बळंच उभी केल्यासारखी. रामकिसनची बायको त्या दिवशी कोपीत, पाचटाच्या झोपडीत, तापानं पडलेली असणार, त्याच तापानं पुढे गेली असणार. गीताची आई माझ्यापुढे कधी आलीच नाही. तिचा फोटो मी हरवलाही नव्हता आणि मला सापडलाही नाही.

आणि पोरीनं आखितीचं पाणी भरलं ते एका परक्या बाईपुढे. ती बाई जिवंत असली तर? असेल एखाद्या फडात, नाहीतर टँकरच्या रांगेत, कळशी घेऊन. जिवंत माणसाला पितरांचं पाणी! सुभद्राला फोनवर सांगितलं, तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “पोरीला सांगू नका. तिला आई मिळालीय ना? राहू द्या.”

मोह झाला. खोटं नाही लिहीत, लई मोह झाला.

१२ मे, रविवार

सांगणार. दोनदा खोटं बोललो, तिसऱ्यांदा गप्प राहणं म्हणजे तेच. गीताचा फोन आला होता, अप्पा उद्या सकाळी घरी येतायत, त्यांनाच पहिला दाखवणार फोटो. त्याच्याआधी पोचायला हवं. बापानं पोरीदेखत ‘ही तुझी आई नाही’ म्हणावं, हे तरी माझ्यामुळे नको.

अवसायक साहेबांची फाइल आजच करून ठेवली. ह्या वेळी दोन फोल्डर, एक बायांचा, एक गड्यांचा, आणि मी दोन्हींच्या बाहेर. बांधलं, यादी करून ताडून बघितलं, मग दाबलं. त्यांच्या कारकुनाचा निरोप होता, ‘फोटोबिटो वगळा, रजिस्टरं तेवढी द्या.’ वगळले नाहीत. काय करायचं ते करा म्हणावं!

पिशवीत सात फोटो, आणि बिल्ला.

१३ मे, सोमवार

चौसाळ्याला पोचलो, रामकिसन नुकताच आलेला. बाप-लेकीला सगळं सांगितलं. २००४चं खोटंही. सात फोटो रामकिसनपुढे ओळीनं मांडले आणि म्हणालो, ह्यात तुझी बायको नाही रे बाबा, मला माफ कर.

त्यानं एकेक फोटो हातात घेतला. मग म्हणाला, “सातीबी तीच हाय, सायेब. माजी भिवरा. साऱ्यांच्या जाग्याला तीच उभी रायली. तुमी वळखलंच न्हाई म्हनून कोपीवर यिऊन पोट धरून हसत हुती. सवताच्या टायमाला मातर लाजली.” कडेवरच्या लेकरावर बोट ठेवलं. “ही गीता.”

मी विचारलं, तिला ताप आला तेव्हा तिच्या जागी कोण उभं राहिलं?

“कुनी न्हाई. तिसऱ्या दिशी कोयता घिऊन सवताच फडात गेली.”

गीतानं २५६ उचलला होता. पदर तोंडावर दाबलेला. “काका, पुढल्या आखितीला हा ठिवला तर चालंल का?”

चालेल म्हणालो.